डायनामो काढून अल्टरनेटर बसवला तरी बॅटरी पुन्हा पुन्हा उतरते, कुठे कुठे बघायचं

गेल्या पावसाळ्यात आमचा ट्रॅक्टर रोज संध्याकाळी देवळाकडच्या उतारावर नेऊन लावायचो, कारण सकाळी सेल्फ मारला की नुसता टक् आवाज यायचा, मग वरचा गिअर टाकून उतारावरून सोडायचा आणि जरा वेग आला की क्लच सोडायचा. ऐन चिखलणीत हे रोजचं झालं होतं. मध्येच शेतात इंजिन बंद पडलं की ओढायला दुसऱ्याचा ट्रॅक्टर बोलवायचा, आणि त्या दिवसांत कोणाचा ट्रॅक्टर रिकामा असतो सांगा.

ट्रॅक्टर मॅसी १०३५, ऐंशीच्या दशकातला, वडिलांनी घेतलेला. आमचं पेडण्यात, थोडं खाजन म्हणजे खाडीलगतची सखल खारी जमीन आणि थोडं वरचं मोरड, पावसात सरद म्हणजे पावसाळी भात आणि कालव्याचं पाणी येतं तिथे वायंगण म्हणजे उन्हाळी भात. मूळचा डायनामो, म्हणजे इंजिनवर फिरून बॅटरी चार्ज करणारं जुन्या पद्धतीचं यंत्र, होता तो जेमतेम ११ अँपिअर देणारा. पुढचे दोन हेडलाईट आणि मागचा एक कामाचा दिवा, तिन्ही ५५ वॉटचे धरले तर १६५ वॉट होतात, म्हणजे १२ व्होल्टला जवळजवळ १४ अँपिअर लागतात. रात्री काम केलं की बॅटरी खाली येणारच, त्यात चूक कोणाचीच नाही. म्हणून डायनामो काढून त्याच कामाचा पण नव्या पद्धतीचा, छोट्या गाडीचा जुना अल्टरनेटर बसवून घेतला, ४५ अँपिअरचा. आणि नवल म्हणजे त्यानंतर बॅटरी जास्तच उतरायला लागली. एका वर्षात दोन बॅटऱ्या बदलल्या, अल्टरनेटरसुद्धा एकदा बदलला, पंधरा दिवस बरं चालायचं आणि परत तेच. शेवटी मल्टिमीटर घेऊन स्वतः बसलो तेव्हा कळलं की अल्टरनेटर पहिलाही मुळात चांगला होता आणि दुसराही, घोळ सगळा डायनामोच्या काळातल्या वायरिंगचा होता, आणि तोही एका जागी नव्हता, तीन जागी होता. एक काढला की दुसरा वर यायचा म्हणून वाटायचं दुरुस्ती टिकत नाही.

काहीही बदलायच्या आधी चार आकडे घ्या. मीटर साधा चालतो. रात्रभर उभ्या ट्रॅक्टरची बॅटरी सकाळी किती दाखवते ते बघा, चांगली भरलेली असेल तर १२.६ च्या आसपास, १२.० दाखवत असेल तर पाव भागच शिल्लक आहे असं समजा. मग इंजिन चालू करून अर्ध्या रेसवर, दिवे बंद ठेवून, परत बॅटरीच्याच दोन टोकांवर मोजा, १३.८ ते १४.४ पाहिजे. तिसरा आकडा सगळे दिवे लावून, फार तर ०.२-०.३ व्होल्ट खाली येईल. चौथा आकडा लोक घेतच नाहीत आणि तोच खरा कामाचा, तेवढ्याच रेसवर दिवे लावलेले असताना अल्टरनेटरच्या जाड वायरच्या बोल्टवर लाल पिन आणि अल्टरनेटरच्या अंगावर काळी पिन. हा आकडा आणि बॅटरीवरचा आकडा यात मोठा फरक असेल तर अल्टरनेटर माल बनवतोय पण वाटेत सांडतोय.

माझे आकडे असे होते. सकाळी ११.६. चालू इंजिनवर दिवे लावून बॅटरीवर १२.९, आणि अल्टरनेटरवर १४.३. म्हणजे दोन वेगळे आजार, रात्री कोणीतरी बॅटरी पितंय आणि दिवसा चार्ज पूर्ण पोचत नाही. हे दोन वेगळे करून बघितले नाहीत तर माझ्यासारखं वर्ष जातं.

आधी रात्रीचं बघू.

इंजिन बंद, चावी बंद, बॅटरीची निगेटिव्ह वायर काढायची आणि काढलेली वायर व बॅटरीचं निगेटिव्ह टोक यांच्यामध्ये मीटर धरायचा, मीटरची लाल पिन १० अँपिअरच्या भोकात पाहिजे. मीटर असा मध्ये असताना चुकूनही सेल्फ मारायचा नाही, चावीला हात लावायचा नाही, सेल्फ शेकड्याने अँपिअर ओढतो, मीटरचा फ्यूज तिथल्या तिथे उडतो. मीटर नसेल तर ब्रेकलाईटचा २१ वॉटचा बल्ब त्याच जागी धरा, तो जरासुद्धा तांबडा झाला तर काहीतरी खातंय. जुन्या ट्रॅक्टरला घड्याळ नाही, रेडिओ नाही, त्यामुळे आकडा जवळजवळ शून्य यायला हवा, काही मिलिअँपिअर अल्टरनेटरच्या आतून जातात तेवढे चालतात.

माझा आला १.९ अँपिअर. बारा तासांत जवळजवळ २३ अँपिअर-तास गेले, बॅटरी ८० ची, आणि दिवसा ती पूर्ण भरतच नव्हती. मग अजून काय होणार.

आता हे १.९ कुठे जातात ते शोधायला एकेक वायर काढत गेलो. अल्टरनेटरच्या मागे छोट्या सॉकेटमध्ये दोन वायरी असतात, एक आयजी (चावीची) आणि एक एल (चार्जिंगच्या दिव्याची), आणि जाड बोल्ट तो बी. बसवणाऱ्याने आयजीची वायर चावीपर्यंत नेण्याऐवजी तिथेच मागे बी च्या बोल्टला जोडून टाकली होती आणि एल मोकळीच सोडली होती. दिवसा याने चार्ज होतो, त्यामुळे बसवून देताना सगळं बरोबर दिसतं. पण बी हा कायम बॅटरीला जोडलेला असतो, म्हणजे आतल्या रेग्युलेटरला (व्होल्ट आवरणारा भाग) चोवीस तास वाटतं की चावी चालू आहे, आणि तो रोटरच्या, म्हणजे आतल्या फिरणाऱ्या भागाच्या, कॉइलला करंट देत राहतो. याची एक सोपी खूण आहे, मीटरसुद्धा लागत नाही. चावी बंद असताना अल्टरनेटरच्या मागच्या बेअरिंगच्या बुडाला स्क्रूड्रायव्हर लावा. खेचला गेला तर आत चुंबक तयार होतोय म्हणजे करंट चालू आहे. चावी बंद असताना खेचता कामा नये, चालू केल्यावर खेचला पाहिजे. सकाळी सकाळी अल्टरनेटर हाताला कोमट लागत असेल तर तीच गोष्ट.

आयजी काढली, आकडा १.९ वरून १.२ वर आला. म्हणजे मोठा चोर अजून आत होता.

तो निघाला कटआऊट. डायनामोच्या वेळचा काळा डबा, डॅशच्या मागे, त्याच्यावर डी, एफ, बी, ई असे स्टड. डायनामो काढला तेव्हा डबा तसाच ठेवला आणि डी व बी या दोन्ही स्टडच्या वायरी एकाच बोल्टवर घेऊन नुसता जॉइंट म्हणून वापरला. दिसायला काहीच हरकत नाही वाटत. पण त्या डब्याच्या आत बारीक तारेच्या कॉइली असतात त्या डी आणि अर्थच्या (म्हणजे ट्रॅक्टरच्या बॉडीच्या) मध्ये असतात. डायनामो होता तोवर इंजिन बंद झालं की आतला पॉईंट उघडायचा आणि डी ची बाजू बॅटरीपासून सुटायची, त्यामुळे कॉइलला रात्री करंट मिळायचा नाही. आता दोन्ही एकत्र बांधल्यावर त्या कॉइली कायमच्या बॅटरीवर बसल्या. रात्रंदिवस एक-सव्वा अँपिअर. सकाळी डब्यावर हात ठेवला तर तोही कोमट, आणि इतके दिवस तिथे हात ठेवायचं कोणालाच सुचलं नव्हतं. डब्याची अर्थची वायर काढली आणि मीटर शून्यावर आला. त्या दिवशी संध्याकाळी मला खरंच बरं वाटलं.

तर अल्टरनेटर बसवला की कटआऊट पूर्ण काढून टाका. अर्धवट ठेवू नका, जॉइंटसाठी ठेवू नका. अल्टरनेटरचं रेग्युलेटर त्याच्या पोटातच असतं आणि बॅटरीतला करंट उलटा यायचा थांबवायला त्याचे डायोड (करंट एकाच दिशेने सोडणारे भाग) असतात, कटआऊटला आता कामच नाही. जुनी एफ ची बारीक वायरसुद्धा काढून टाका, लोंबत राहिली की कुठेतरी घासून शॉर्ट व्हायची.

आता दिवसाचं. चार्ज का पोचत नव्हता.

अल्टरनेटरवर १४.३ आणि बॅटरीवर १२.९, मधला १.४ व्होल्ट कुठे गेला हे दोन भागात मोजायचं. इंजिन चालू, दिवे लावलेले, मीटरची एक पिन अल्टरनेटरच्या बी बोल्टवर आणि दुसरी बॅटरीच्या प्लसवर, प्रत्यक्ष शिशाच्या टोकावर, क्लॅम्पवर नको. पॉईंट तीनच्या आत पाहिजे, माझा ०.५ आला. मग एक पिन अल्टरनेटरच्या उघड्या धातूवर आणि दुसरी बॅटरीच्या मायनसवर. पॉईंट दोनच्या आत पाहिजे, माझा ०.९. म्हणजे जास्त नुकसान अर्थच्या बाजूला होतं, आणि तिकडे कोणी बघतच नाही कारण तिकडे वायरच नसते, 'बॉडीतून मिळतं ना' म्हणून सोडून देतात.

अल्टरनेटरचा अर्थ त्याच्या ब्रॅकेटमधून इंजिनला, इंजिनातून चॅसीला आणि चॅसीतून बॅटरीला जातो. आमचा ब्रॅकेट नवीन बनवून घेतलेला, त्याला चांगला जाड रंग मारलेला, बोल्टच्या वॉशरखाली रंग, ब्लॉकच्या बाजूला जुना गंज. आणि इकडे किनाऱ्याजवळची हवा आहे, त्यात खाजनातला खारा चिखल उडतो, ट्रॅक्टर धुतला तरी सांध्यात मीठ राहतंच. घाटमाथ्यावरच्या ट्रॅक्टरला जो सांधा दहा वर्षं टिकतो तो इथे दोन पावसाळ्यात हिरवा पडतो. मी ब्रॅकेट काढून बोल्टच्या जागी आणि ब्लॉकला टेकतो तिथे पॉलिश पेपरने चकचकीत धातू दिसेपर्यंत घासला, आणि त्यावरच न थांबता अल्टरनेटरच्या अंगावरच्या बोल्टपासून थेट बॅटरीच्या मायनसपर्यंत वेगळी जाड वायर ओढली. ही एक वायर ओढायला अर्धा तास लागतो. इंजिनपासून बॅटरीपर्यंतची जी पट्टी असते तीही बदलली, वरून धड दिसत होती, वाकवली तर आतले तंतू मोडलेले.

प्लसच्या बाजूचा ०.५ दोन कारणांनी होता. एक, वायर तीच जुनी, ११ अँपिअरच्या हिशेबाची. अल्टरनेटर ४५ चा बसवलाय तर बी पासून बॅटरीपर्यंत निदान ६ स्क्वेअर एमएमची वायर पाहिजे, अल्टरनेटर ६०-६५ चा असेल किंवा लांबी जास्त असेल तर १० ची घ्या, थोडी जाड घेतली म्हणून नुकसान नाही. बॅटरीच्या बाजूला त्या वायरीत ६० अँपिअरचा फ्यूज घाला, कारण ही वायर कायम जिवंत असते आणि चॅसीला घासली तर आग लागते. दुसरं कारण अँपिअर मीटर. डॅशवरचा जुना मीटर ३०-०-३० चा असतो आणि सगळा करंट त्याच्या मागच्या दोन नटांमधून जातो. बॅटरी उतरलेली असताना अल्टरनेटर ३० च्या वर जातो, नट तापतात, सैल होतात, मग अजून तापतात. आमच्या मीटरच्या मागचं प्लास्टिक वितळून काळं झालं होतं. मी तो मीटर चार्जिंगच्या वाटेतून काढला, जाड वायर सरळ बॅटरीला नेली आणि त्याच भोकात व्होल्ट मीटर बसवला. वडिलांना काटा हलताना बघायची सवय, त्यांना पटायला वेळ लागला, पण आता तेच सकाळी व्होल्ट वाचून सांगतात.

हे सगळं करून बॅटरीवर १४.१ आले, दिवे लावून १४.०.

जॉइंटबद्दल एक सांगतो कारण इथल्या पावसात निम्मे त्रास त्यातूनच येतात. वायरी पिळून वर काळी टेप मारायची ही पद्धत आपल्याकडे चालत नाही. टेप पहिल्या उन्हाळ्यात सुटते आणि पावसात पाणी वायरच्या आतल्या तंतूंतून वर चढतं, तुम्ही टोक कापलंत तरी हातभर आतपर्यंत तांबं काळं निघतं. वायरच्या टोकाचं थिंबल चिमट्याने नीट दाबा, जमल्यास झाळून (सोल्डर करून) घ्या, वर हीटश्रिंक आणि बोल्टवर व्हॅसलीन किंवा ग्रीस. बॅटरीच्या क्लॅम्पलाही तेच.

चार्ज सुधारल्यावर आठ दिवस मस्त गेले आणि मग एका संध्याकाळी चिखलात काम करताना व्होल्ट परत १२.८. जीव खाली गेला. यावेळी बेल्ट होता. डायनामोची पुली रुंद खोबणीची, अल्टरनेटरवर तीच चढवलेली, आणि बेल्ट घेतलेला गाडीचा अरुंद. व्ही बेल्ट खोबणीच्या दोन बाजूंना धरला पाहिजे, अरुंद बेल्ट आत जाऊन तळाला टेकतो आणि मग कितीही ताणा, ओला झाला की घसरतो. पुलीच्या खोबणीचा तळ चकाकत असेल तर समजा बेल्ट तिथे टेकतोय. ताणून ताणून घट्ट केला तर अल्टरनेटरचं बेअरिंग जातं, वॉटर पंपाचंही. योग्य रुंदीचा बेल्ट आणि मधोमध अंगठ्याने दाबला तर साधारण १० ते १२ मिलिमीटर दबला पाहिजे, इतकाच ताण.

आता मामांच्या ट्रॅक्टरचं. ते सत्तरी तालुक्यात राहतात, त्यांचा जुना एचएमटी, त्यांनीही अल्टरनेटर बसवलेला पण दुसऱ्या जातीचा, ज्याच्या मागे बी प्लस, डी प्लस आणि डब्ल्यू असं लिहिलेलं असतं. त्यांची तक्रार वेगळी होती, ट्रॅक्टर चालू केला की चार्जिंग नाही, एकदा जोरात रेस दिली की सुरू होतं आणि मग दिवसभर ठीक. कधी कधी रेस देऊनही नाही. गॅरेजवाल्याने रेग्युलेटर बदलून दिला होता, फरक शून्य.

या जातीच्या अल्टरनेटरला सुरुवातीचा करंट चार्जिंगच्या दिव्यातून मिळतो. चावीतून दिवा, दिव्यातून डी प्लस, तिथून रोटर. त्यामुळे हा दिवा नुसता दाखवायला नसतो, त्याच्यातून पॉईंट दोन-तीन अँपिअर गेल्याशिवाय अल्टरनेटर जागाच होत नाही, रोटरमध्ये उरलेल्या थोड्याशा चुंबकावर जोरात फिरवला तरच उठतो. मामांनी जुना दिवा उडाला म्हणून दुकानातून लाल एलईडी आणून लावली होती. एलईडीतून इतका कमी करंट जातो की रोटरला त्याची जाणीवच होत नाही. मी सांगितलं तेव्हा मामा म्हणाले, "अरे पण दिवा लागतो ना, मग वायर बरोबरच आहे." वायर बरोबरच होती. साधा तारेचा १२ व्होल्टचा, ३ वॉटचा बल्ब लावला आणि पहिल्याच सेल्फला चार्जिंग सुरू. एलईडीच ठेवायची असेल तर तिच्या दोन टोकांना समांतर एक ६८ ओहमचा, ५ वॉटचा रेझिस्टर जोडा, तो गरम होतो म्हणून प्लास्टिकला टेकवू नका.

हा दिवा नीट लावलेला असेल तर तो बरंच काही सांगतो. चावी चालू, इंजिन बंद, तेव्हा लागलाच पाहिजे. नाही लागला तर बल्ब गेलाय, वायर तुटलीय किंवा अल्टरनेटरच्या आतले ब्रश झिजलेत. दिव्याची बारीक वायर (डी प्लस किंवा एल ची) अल्टरनेटरवरून काढून बॉडीला टेकवा, दिवा लागला तर वायर आणि बल्ब ठीक, दोष अल्टरनेटरमध्ये. इंजिन चालू झाल्यावर पूर्ण पेटलेलाच राहिला तर चार्जिंग नाही. आणि चालू इंजिनवर अगदी मंद, रात्रीच दिसेल इतका मिणमिणत राहिला तर बहुतेक डायोड गेलाय किंवा जाड वायरच्या जॉइंटला अडथळा आहे. डायोडची शंका असेल तर मीटर एसी व्होल्टवर ठेवून चालू इंजिनवर बॅटरीवर मोजा, अर्ध्या व्होल्टच्या वर एसी दिसला तर डायोड बघून घ्या.

माझ्या अल्टरनेटरला, म्हणजे आयजी आणि एल वाल्याला, जागं व्हायला आयजी पुरते, तरीही एल ला दिवा लावलाच पाहिजे असं माझं ठाम मत आहे, आणि कारण डिझेल इंजिन. पेट्रोल गाडीत चावी बंद केल्याशिवाय इंजिन बंद होत नाही. जुन्या ट्रॅक्टरचं इंजिन स्टॉपची दांडी ओढून बंद होतं, चावी तशीच चालू राहते आणि माणूस जेवायला निघून जातो. आमच्याकडे तर ड्रायव्हर बदलतात. आयजी कितीही बरोबर चावीवरून घेतली तरी चावी रात्रभर चालू राहिली तर बॅटरी तशीच बसणार. लाल दिवा डोळ्यासमोर पेटलेला दिसला की चावीकडे हात जातो. विसरण्यावर पूर्ण उपाय हवा असेल तर आयजीची वायर ऑइल प्रेशर स्विचमधून घेतात, तेलाचं प्रेशर आलं की वायर जोडली जाते, इंजिन थांबलं की तुटते. फक्त स्विच प्रेशरवर जोडणारा पाहिजे, डॅशच्या तेलाच्या दिव्याचा नेहमीचा स्विच बरोबर उलटा असतो, प्रेशर आलं की तोडतो, तो चालणार नाही.

म्हणजे सगळी जोडणी धरली तर इतकीच आहे. बी पासून जाड वायर फ्यूजमधून बॅटरीच्या प्लसला. अल्टरनेटरच्या अंगापासून जाड वायर बॅटरीच्या मायनसला. चावीच्या चालू बाजूपासून आयजी. चावीच्या त्याच बाजूपासून दिवा आणि दिव्यातून एल. डी प्लस वाल्याला आयजी नसते, फक्त दिव्यातून डी प्लस, आणि डब्ल्यू मोकळा सोडा, तो इंजिनचे फेरे दाखवणाऱ्या मीटरसाठी असतो. दिवे, हॉर्न वगैरेची वायर बॅटरीकडून वेगळ्या फ्यूजमधून घ्या.

हे सगळं करायच्या आधी बॅटरी कशी जोडलीय ते बघायला विसरू नका. काही फार जुन्या ट्रॅक्टरना प्लस अर्थ असतो, बॅटरीचं प्लस चॅसीला. डायनामोला चालतं, आपल्या या अल्टरनेटरना नाही, उलटी बॅटरी लागली त्या क्षणी डायोड जातात. मायनस अर्थ करायला बॅटरी फिरवून लावायची, क्लॅम्प बदलावे लागतील कारण प्लसचं टोक जाड असतं, अँपिअर मीटर ठेवला असेल तर त्याच्या वायरी अदलाबदल करायच्या. सेल्फला आणि दिव्यांना काही फरक पडत नाही, सेल्फ त्याच बाजूला फिरतो.

आणि दोन सवयी सोडायला लागतील. इंजिन चालू असताना बॅटरीची वायर काढून 'इंजिनला फरक पडतो का बघू' किंवा वायर घासून ठिणगी बघू, हे डायनामोवर चालायचं, जुने मेकॅनिक अजून करतात, प्रेमानेच करतात. अल्टरनेटरवर बॅटरी सुटली की व्होल्ट एकदम उसळतो आणि डायोड किंवा रेग्युलेटर उडतो. आमचा पहिला अल्टरनेटर चांगला असताना तसाच घालवला असं मला आता वाटतं. दुसरी सवय वेल्डिंगची. केजव्हीलची (चिखलणीच्या लोखंडी चाकाची) पाती तुटली की शेताच्या मेरेवरच, बांधावर, वेल्डिंग होतं, चाक ट्रॅक्टरवरच असताना. त्याआधी बॅटरीची मायनस काढा आणि अल्टरनेटरची बी वायरही काढून टेप लावून बाजूला ठेवा, आणि वेल्डिंगचा अर्थ चाकालाच लावा. पाच मिनिटं जातात.

बॅटरी एकदा पूर्ण बसली असेल तर ती अल्टरनेटरवर सोडू नका. चार्जरवर रात्रभर हळू चार्ज करा, ८० च्या बॅटरीला साधारण ८ अँपिअरने. अल्टरनेटरला मेलेली बॅटरी दिली की तो तासन् तास पूर्ण ताकदीने चालतो आणि तापतो, जुना असेल तर तिथेच जातो. शिवाय तीन-चार वेळा पूर्ण बसलेली बॅटरी परत तशी राहत नाही, वायरिंग दुरुस्त झाल्यावर सकाळी १२.६ ऐवजी १२.३ येत असेल आणि मीटरवर गळती शून्य असेल तर बॅटरीच दमलीय, हायड्रोमीटरने (अ‍ॅसिडची घनता दाखवणारी नळी) सहाही घरं बघा, एखादं घर बाकीच्यांपेक्षा बरंच खाली असेल तर तीच.

आमचं राहिलंय ते पुलीचं. इंजिनची पुली १५० मिलिमीटर, आणि अल्टरनेटरवर अजून डायनामोची ९५ ची आहे. स्लोवर इंजिन ६५० फेऱ्यांवर असतं तेव्हा अल्टरनेटर १,०२५ च्या आसपास फिरतो, जेमतेम जागा असतो, दिवे लावून स्लोवर उभा केला की व्होल्ट खाली येतो. गाडीची ७० ची पुली घातली तर स्लोवरच १,४०० च्या जवळ आणि १,८०० च्या कामाच्या रेसवर साधारण ३,८५०, जे या अल्टरनेटरला अगदी आरामात आहे. पण तिची खोबणी आणि बेल्टची रुंदी दोन्ही जमली पाहिजेत, आणि दोन्ही पुल्या एका रेषेत यायला मागे वॉशर किती घालायचे ते बसवूनच कळेल. म्हापशात एका जुन्या पार्ट्सवाल्याला सांगून ठेवलीय, शुक्रवारी बाजाराला गेलो की बघून येतो.